बाळ एनआयसीयूत आहे आणि मी बाबा आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दारात वडिलांना हाक येते ती बहुतेक तीन कामांसाठी: सही करा, औषध आणा, पैसे भरा. ते मुकाट्याने ही कामं करतात आणि उरलेला वेळ बाहेरच्या बाकड्यावर काढतात. मी नवजात विभागात बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. बाबा लोक मनातले प्रश्न विचारतात ते रात्री उशिरा, गर्दी पांगल्यावर, तेही 'सहज विचारतो' म्हणत. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उपचाराचा निर्णय तुमच्या बाळाच्या डॉक्टरांचा. बाबाने काय करायचं, एवढाच इथला विषय.

बाळाला दुसऱ्या हॉस्पिटलात हलवताहेत. बायकोचं सिझर झालंय, ती इथेच राहणार. मी कुणाबरोबर जाऊ?

बाळाबरोबर. बायकोजवळ तिची आई, बहीण, जाऊ, कुणीतरी हक्काचं माणूस बसवा आणि तुम्ही ॲम्ब्युलन्समध्ये बसा. पुढच्या हॉस्पिटलात पहिल्या तासाभरातच संमती मागतात: श्वासाची नळी घालायची, फुफ्फुसं उघडी राहावीत म्हणून सर्फॅक्टंट हे औषध द्यायचं, नाळेतून लाइन म्हणजे सलाईनची बारीक नळी टाकायची. मामा-काका अशा सह्या करायला कचरतात, मग फोनाफोनी होते, आणि तेवढा वेळ बाळाकडे नसतो.

निघण्याआधी बाळ आईला दाखवायला सांगा, अर्धं मिनिट का होईना. ट्रॉली तिच्या खाटेजवळून न्यायला सहसा कुणाची ना नसते, फक्त ते कुणाला सुचत नाही. तुम्ही सुचवा.

कागदांत रेफरलची चिठ्ठी सर्वांत महत्त्वाची. जन्माची वेळ, वजन, बाळ लगेच रडलं का, कोणती इंजेक्शनं दिली, हे तिच्यावर लिहिलंय ना ते निघण्यापूर्वीच बघा. सोबत आईची फाइल, तिचा रक्तगट, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड. बाळाला रक्त द्यायची वेळ आली तर जुळवणीसाठी आईच्या रक्ताचा नमुनाही बऱ्याचदा मागतात. तो लेबल लावून आधीच बरोबर घेतला तर मध्यरात्री परत धावावं लागत नाही. १०८ ची ॲम्ब्युलन्स मोफत असते.

आणखी एक. बाळाच्या पायातल्या पट्टीवर आईचं नाव असतं, 'बेबी ऑफ सुवर्णा' असं. दारातून 'सुवर्णाचे नातेवाईक!' अशी हाक आली की ती तुमच्यासाठी आहे. स्वतःच्या नावाची वाट बघत बसलेले कित्येक बाबा मी पाहिलेत.

आत गेल्यावर काय दिसेल?

आपण ज्याला 'काचेत ठेवलंय' म्हणतो ते इन्क्युबेटर असेल, किंवा वरून ऊब देणारा उघडा वॉर्मर. बाळ अपेक्षेपेक्षा लहान, कातडी पातळ आणि लालसर. नाकाला सीपॅपची, म्हणजे दाबाने हवा देणारी, नळी किंवा तोंडात व्हेंटिलेटरची, तोंडातून पोटात जाणारी दुधाची बारीक नळी, नाळेत किंवा हातात सलाईन, पायाला लाल दिवा चमकणारा सेन्सर. कावीळ असेल तर निळ्या प्रकाशाखाली डोळ्यांवर पट्टी बांधलेलं.

पहिल्यांदा बघताना घेरी येणं अगदी साहजिक आहे. उपाशीपोटी जाऊ नका, आणि गरगरायला लागलं तर सरळ खाली बसा. आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

मशीन सारखं वाजतं. प्रत्येक वेळी काळीज लटकतं.

बाळाने पाय झाडला की सेन्सर सरकतो आणि अलार्म होतो. असे अलार्म दिवसभर चालू असतात. सिस्टर आधी बाळाकडे बघते, मग मशीनकडे. तुम्हीही तोच क्रम ठेवा.

मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ९२ किंवा ९३ दिसला की बाबा घाबरून सांगायला येतात, 'शंभर का नाही?' ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसांच्या बाळात तो मुद्दामच साधारण ९० ते ९५ च्या दरम्यान ठेवतात. ऑक्सिजन जास्त झाला तर अशा बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते. म्हणजे ९२ हा तिथे चांगला आकडा आहे. बाळ कधी कधी श्वास घ्यायचं थांबतं, निळसर पडतं, सिस्टर पाठीवर हलकं चोळते आणि ते पुन्हा श्वास घेतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूला श्वासाची लय अजून नीट जमलेली नसते. त्यासाठी कॅफिन देतात. हो, चहा-कॉफीतलंच.

मी हात लावू शकतो का?

विचारून, आणि हात धुऊन. घड्याळ, अंगठी, कडं, मनगटातला दोरा सगळं काढायचं, कोपरापर्यंत साबणाने धुवायचं, आणि मधे मोबाइलला हात लागला की पुन्हा धुवायचं. मोबाइलबाबत आम्ही फार कडक असतो, त्याचा राग मानू नका. सर्दी-खोकला, ताप, अंगावर पुरळ असेल त्या दिवशी आत येऊ नका.

अगदी लहान बाळाला कुरवाळलेलं सोसत नाही. गाल चोळणं, बोटाने थोपटणं नको. एक तळवा डोक्यावर, दुसऱ्या हाताने पाय हलकेच पोटाकडे दुमडून धरायचे, आणि तसंच स्थिर राहायचं. बाळाने बोटं फाकवली, पाठ ताणली, रंग बदलला तर त्याला पुरे झालंय. बोला मात्र जरूर, हळू आवाजात. पोटात असताना तुमचा आवाज त्याच्या कानावर पडत होता. काय बोलू सुचत नसेल तर आज बाहेर काय काय झालं ते सांगा. एक बाबा बाळाला कांद्याचा भाव सांगायचे.

कांगारू म्हणजे आईने करायचं ना? बाबाने केलं तर चालतं का?

चालतं. कांगारू म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरणं, आणि माझ्या मते ते बाबाने करायलाच हवं. आई सिझरनंतर झोपून आहे किंवा दुसऱ्या गावात आहे, तेव्हा बाळाला छातीशी धरणारा पहिला माणूस बाबाच असू शकतो.

ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथल्या सरकारी इस्पितळात इन्क्युबेटर पुरत नव्हते. पुढे कळलं की छातीशी लावलेल्या बाळाचं तापमान स्थिर राहतं, संसर्ग कमी होतो, आईचं दूध वाढतं. २०२१ मध्ये घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. एक किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांना तब्येत स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच कांगारू दिलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. आई नसेल तेव्हा घरच्या दुसऱ्या माणसाने बाळाला छातीशी धरायचं, अशी सोय त्यात होती. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना अशा बाळांना दिवसाचे ८ ते २४ तास कांगारू द्यायला सांगते. एकट्या ओल्या बाळंतिणीकडून एवढे तास होतील का, ते तुम्हीच सांगा.

करायचं कसं: अंघोळ करून या, अत्तर-पावडर-डिओ काही नको. पुढून बटणांचा सैल शर्ट घाला, बनियन काढा. छातीवर केस असले तरी काही बिघडत नाही, हे मुद्दाम लिहिते कारण हा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही. गळ्यातली चेन काढा. आधी लघवीला जाऊन या, पाणी प्या, कारण एकदा बसलात की निदान तासभर उठायचं नाही. वरचेवर उचल-ठेव केली तर बाळ दमतं. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. सिस्टर त्याला तुमच्या छातीवर उभं, बेडकासारखं ठेवेल, मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर, नाक मोकळं. मग वरून पट्टा किंवा ओढणी गुंडाळते. मागे रेलून बसायचं, पण झोपायचं नाही. सीपॅप किंवा सलाईन चालू असतानाही कित्येक ठिकाणी कांगारू देतात, तेव्हा 'नळ्या निघाल्यावर बघू' असं स्वतःच ठरवू नका, विचारा.

खरी अडचण निराळी असते. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत कांगारू वॉर्ड बायकांचा असतो. आया अंग उघडं टाकून बसलेल्या असतात, तिथे पुरुषाला सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण म्हणून विषय संपत नाही. एनआयसीयूतच बाळाच्या वॉर्मरशेजारी एक खुर्ची आणि एक पडदा पुरतो. इन्चार्ज सिस्टरला शांतपणे विचारा: 'मला रोज ठरावीक वेळ देता का?' केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागाने नवजात काळजी घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पालकांना शिकवून बाळाच्या काळजीत सामील करून घ्या, असं त्या सांगतात. त्याचा उल्लेख करायला हरकत नाही. भांडणाच्या सुरात मात्र नको, कारण त्या सिस्टरकडे बहुधा तिच्या वाट्यापेक्षा जास्त बाळं असतात.

डॉक्टर रोज सांगतात पण डोक्यात काही शिरत नाही.

झोप नाही, त्यात निम्मे शब्द नवे. एक वही ठेवा. रोज हे पाच प्रश्न विचारा: श्वासाचा आधार कालच्यापेक्षा वाढला की कमी झाला? दूध किती आणि कसं चालू आहे? वजन किती? आजची मुख्य काळजी कसली? पुढच्या एक-दोन दिवसांत काय ठरवायचंय? उत्तरं तारीख घालून लिहा. आठवड्यानंतर हीच वही तुम्हाला बाळ कुठून कुठे आलं ते दाखवते.

'स्टेबल' म्हणजे धोका टळला असं नाही. आत्ता चढउतार नाहीत, इतकंच. वजन पहिल्या आठवड्यात उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत, कमी दिवसांच्या बाळाचं थोडं जास्तही. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. रोजच्या दहा-वीस ग्रॅमवरून रोजचा मूड ठरवू नका.

'गॅरंटी द्या' म्हणालात तरी ती कुठलाही डॉक्टर देऊ शकत नाही. त्याऐवजी 'सगळ्यात वाईट काय होऊ शकतं आणि ते होतंय हे कशावरून कळेल?' असं विचारा. उत्तर प्रामाणिक मिळतं. संमतीपत्र समजेपर्यंत सही करू नका, मराठीत समजावून मागा. मात्र तातडी आहे असं सांगितलं तर गावाकडे फोन करून मतं गोळा करत बसू नका.

बायकोला किती सांगू? सगळे म्हणतात, ओल्या बाळंतिणीला ताण नको.

सांगा. खरं सांगा, थोडं थोडं, पण सांगा. हे माझं ठाम मत आहे.

तिच्यापासून लपवलेलं तिला कळतंच. शेजारच्या खाटेवरची बाई विचारते, मावशी बोलून जाते, तुमचा चेहरा सांगतो. मग ती अर्धवट ऐकलेल्यावरून सगळ्यात वाईट तेच धरून चालते, आणि तुम्ही उद्या खरी चांगली बातमी सांगितलीत तरी तिचा विश्वास बसत नाही. शिवाय तुम्ही एकटे सगळं पोटात ठेवून हिंडता. आईला नातं जडण्यासाठी वेगळं काही लागत नाही, बातमी लागते: आज डोळे उघडले, माझं बोट धरलं, दोन मिली दूध पचलं. स्टाफला विचारून रोज एखादा फोटो किंवा छोटा व्हिडिओ काढून न्या. शेजारच्या बाळाचा चेहरा त्यात येऊ देऊ नका. तिला चालता यायला लागलं की पहिल्या भेटीला तुम्ही बरोबर असा, आणि कोणती नळी कशाची ते तुम्हीच तिला सांगा.

दुधात बाबाचं काय काम?

भरपूर. बाळ अंगावर ओढत नसलं तरी आईने दूध काढायला पहिल्या काही तासांतच सुरुवात करायची असते, आणि मग दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दिवसाकाठी आठेक वेळा. पहिला पिवळसर चीक चमचाभरच निघतो. 'एवढ्याने काय होणार' म्हणत तो टाकून देणाऱ्या आज्यांपासून तो वाचवणं हे पहिलं काम. बाळाला तेवढाच लागतो, आणि संसर्गाविरुद्ध तेच त्याचं मोठं औषध.

वाटी-पंप उकळणं, लेबलवर आईचं नाव, तारीख, वेळ लिहिणं, बर्फाच्या डब्यातून दूध नेणं, रात्री तीनचा गजर लावून तिला पाणी देऊन बसवणं, हे सगळं तुमच्याकडे घ्या. दूध किती वेळ टिकतं याचे नियम प्रत्येक युनिटचे थोडे वेगळे असतात, तिथलेच पाळा. आणि कमी निघालं तर 'एवढंच?' हा शब्द तोंडातून काढू नका.

पुरेसं येत नसेल तर वरचं दूध आणायला धावण्याआधी मिल्क बँकेची चौकशी करा. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली मातृदुग्धपेढी आशियातली पहिली. आता अशा पेढ्या इतर शहरांतही आहेत. दात्या आयांची तपासणी होते आणि दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास पाश्चराइझ करतात.

फोन थांबत नाहीत. आणि पाचवी, बारसं, सोयर यांचं काय?

एकच माणूस नेमा, धाकटा भाऊ किंवा मेहुणा. रोज रात्री तुम्ही त्याला दोन ओळी पाठवायच्या, तो बाकी सगळ्यांना सांगेल. 'आमच्या ओळखीत एकाचं असंच बाळ' या वाक्याने सुरू होणारा फोन मध्येच ठेवायला काही हरकत नाही.

पाचवी घरी पुजायची असेल तर पुजा, आजीच्या मनाला बरं वाटतं. अंगारा, काजळ, तीट, दोरा, घुटी यांतलं काहीही आत आणू नका. फारच आग्रह झाला तर अंगाऱ्याची पुडी तुमच्या खिशात ठेवा. बारसं घरी आल्यावर, बाळ दोन महिन्यांचं असेना का. सोयर म्हणून बाबाला बाळाजवळ जाऊ न देणारी घरं मी पाहिली आहेत; तिथे डॉक्टरांचं नाव पुढे करा, 'डॉक्टरांनी मलाच यायला सांगितलंय' म्हणा.

रोजचा खर्च झेपत नाही. काय करू?

तिसऱ्या आठवड्यात नाही, पहिल्याच दिवशी तोंड उघडा. लाजेपायी दागिने मोडून झाल्यावर विचारणारे बाबा फार, आणि तोवर बरेच मार्ग बंद झालेले असतात.

सरकारी जिल्हा रुग्णालयांत विशेष नवजात काळजी कक्ष असतो, त्याला एसएनसीयू म्हणतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्याखाली सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि वाहतूक मोफत आहे. ही सोय आधी ३० दिवसांपर्यंत होती, पुढे वर्षभरापर्यंत वाढवली. सीपॅप, कावीळ, संसर्ग, कमी वजन हे सगळं तिथे रोजचं काम आहे. 'सरकारी म्हणजे शेवटचा पर्याय' असं धरून चालू नका.

खासगीत असाल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल आहे का ते बघा. तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. नवजात बाळाच्या काही उपचारांची पॅकेजेस या योजनेत आहेत. बाळाचं नाव रेशनकार्डावर असणारच नाही, तेव्हा आई-वडिलांचं कार्ड आणि जन्माच्या नोंदीचा कागद घेऊन आरोग्यमित्राला भेटा. नंतर मागितलं तर भरलेले पैसे परत मिळणं अवघड, म्हणून दाखल करतानाच.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला गाठा. त्या खाटांत एनआयसीयूतली जागा आहे का, असं नेमकं विचारा.

कंपनीचा मेडिक्लेम असेल तर आजच एचआरला मेल करा: बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, नाव किती दिवसांत जोडायचं? ही मुदत चुकली की क्लेम अडतो.

आणि पैशांपायी 'आमच्या जबाबदारीवर घरी नेतो' या कागदावर सही करायची वेळ आली, तर त्याआधी एक वाक्य बोला: 'सरकारी एसएनसीयूत जागा बघून बदली करून देता का?' बहुतेक डॉक्टर फोन लावून देतात. सीपॅपवरचं बाळ घरी नेणं आणि ऑक्सिजनसकट दुसऱ्या ठिकाणी हलवणं यांतल्या फरकावर त्या बाळाचा जीव अवलंबून आहे.

रजा मिळते का?

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना, दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तर, १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, आणि ती बाळंतपणापासून सहा महिन्यांच्या आत घेता येते. खासगी नोकरीत कायद्याने बंधन नाही, कंपनीच्या मर्जीवर. हातावर पोट असलेल्याला यातलं काहीच नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

मिळेल ती रजा पहिल्याच आठवड्यात संपवू नका. पहिल्या दिवसांत बाळ यंत्रांच्या ताब्यात असतं, तेव्हा दोन-तीन दिवस पुरतात. मग अर्धा दिवस कामावर, संध्याकाळी दोन तास बाळाजवळ असं जमवा. खरी गरज लागते ती कांगारू सुरू झाल्यावर आणि घरी आणल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात. बाळाचं डिस्चार्ज कार्ड किंवा दाखल असल्याचं पत्र साहेबांना दाखवा. 'घरची अडचण' एवढ्यावर कुणाला काही कळत नाही.

बाळाबद्दल मला काहीच वाटत नाही. माझ्यात काही खोट आहे का?

नाही. हा प्रश्न विचारणारे बाबा आवाज अगदी खाली आणतात. जो जीव राहील की नाही ठाऊक नाही, त्याच्यात गुंतायला मन भितं. काहींना बाळाआधी बायकोचीच काळजी असते, आणि त्याची पुन्हा लाज वाटते. नातं हाताने जडतं: लंगोट बदला, वाटी-चमच्याने दूध पाजायला शिका, छातीशी धरा. वाटणं मागून येतं.

पण काही गोष्टी नुसत्या 'ताण' म्हणून सोडू नका. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, लहानसहान गोष्टीवरून अंगावर धावून जाणं, रोज संध्याकाळी दारूचा आधार, गाडी चालवताना भलते विचार, बाळाला भेटायला जायचंच टाळणं. बाळंतपणाच्या आगेमागे साधारण दहातल्या एका वडिलांना नैराश्य येतं, असं जगभरातले अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. एनआयसीयूच्या बाकड्यावर बसलेल्यांत ते कमी असण्याचं काही कारण नाही. पुरुषांत ते रडण्यातून कमी आणि चिडण्यातून जास्त दिसतं. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. आणि सिस्टरला म्हटलंत की 'मला आज बरं वाटत नाहीये,' तर ती चहा तरी पाजेल.

दिवसातून एकदा बसून जेवा. वडापाव हे जेवण नाही.

चूक कुणाची? प्रवास केला म्हणून झालं का? तिच्या कामामुळे?

बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही. रक्तदाब वाढणं, पाणमोट लवकर फुटणं, संसर्ग, जुळी, यांतलं काही असेल तर डॉक्टर सांगतील. तुमच्या आईसमोर बायकोला कुणी दोष दिला, तर तिथेच थांबवणं हे तुमचं काम. तिने स्वतःची बाजू मांडत बसायची गरज पडू नये.

बाळ वाचलं नाही तर?

कुणी हा प्रश्न विचारत नाही, मनात प्रत्येकाच्या असतो.

तेव्हाही सगळं बाबावरच येतं: सह्या, बिल, कापडात गुंडाळलेलं बाळ हातात, आणि 'आईला दाखवू नका' म्हणणारी चार माणसं. घाई करू नका. तुम्हाला आणि तिला बाळ हातात घ्यायचं असेल तर तसं सांगा. मशीन आणि नळ्या काढून स्वच्छ करून देतात. हवं तर फोटो, पायाचा ठसा घ्या. आज नको वाटलं तरी ठेवून द्या. दफनाची वेळ तासभर पुढे गेल्याने काही अडत नाही. जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद होते. आईला पान्हा येत राहतो, त्याबद्दल तिच्या डॉक्टरांना नक्की विचारा. पुढच्या काही महिन्यांत सगळे तिची विचारपूस करतील, तुमची क्वचितच. एखाद्या मित्राला आधीच सांगून ठेवा की मला फोन करत जा.

घरी कधी सोडतात, आणि मग काय सांभाळायचं?

बाळ स्वतःच्या अंगच्या उबेने तापमान राखतंय, सगळं दूध तोंडाने घेतंय, श्वास थांबण्याचे प्रकार काही दिवस झालेले नाहीत, आणि वजन सलग वाढतंय, हे बघून सोडतात. नुसत्या वजनाचा आकडा धरून बसू नका. जुळ्यांतलं एक आधी घरी येऊ शकतं. तेव्हा एक पालक आत, एक घरी अशी पाळी लावा.

डिस्चार्जआधी एक पूर्ण दिवस सगळं तुम्ही दोघांनी करून बघा, सिस्टर फक्त बघत राहील. औषधांचे थेंब तुम्ही मोजायला शिका. धोक्याची लक्षणं पाठ करा: दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेलं, श्वास जोरात किंवा छाती आत ओढली जाते, निळं पडणं, झटके, तळपायापर्यंत पिवळेपणा, फार सुस्त.

दोन तपासण्या चुकवायच्या नाहीत. डोळ्यांची, म्हणजे आरओपी या डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठीची: ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर महिन्याभराच्या आत पहिली, आणि अगदीच लहान बाळाला दोन-तीन आठवड्यांतच. बाळ छान दिसतं म्हणून ही टाळली आणि नजर गेली, असं होतं. वेळेत सापडलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने वाचवता येतं. दुसरी, कानांची. तारखा तुमच्या मोबाइलमध्ये टाका, आईच्या लक्षात ठेवण्यावर सोडू नका.

आशाताई घरी येतील. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांत करून दाखवली, मग देशभर गेली. त्यांना दारातून परत पाठवू नका. आणि घरीही कांगारू चालू ठेवा. टीव्ही बघत करता येतं.

बाळ बसत का नाही, पालथं का पडत नाही अशी तुलना शेजारणीच्या बाळाशी होईल. दोन महिने आधी आलेल्या बाळाच्या वयातून ते दोन महिने वजा करून बघायचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

नाव ठेवलेलं नाही, जन्माची नोंद कशी करायची?

नावाशिवाय होते. जन्म जिथे झाला त्या ठिकाणच्या नगरपालिकेत, महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद व्हायला हवी. बाळ नंतर दुसऱ्या शहरातल्या एनआयसीयूत हलवलं असलं तरी नोंद पहिल्याच ठिकाणी. हॉस्पिटल माहिती पाठवतं, पण पाठवली का ते तुम्ही विचारा, आणि आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग फॉर्म जाण्याआधी आधारशी ताडून बघा. बाळाचं नाव पुढे वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.